खिशातल्या किल्ल्या

प्रयोगशाळेच्या दाराशी आले की ते आधी स्वतःचे खिसे चाचपत. डावा, उजवा, मग शर्टाचा. दाराबाहेर एका लाकडी स्टुलावर पितळी वाडगं ठेवलेलं असे. त्यात किल्ल्यांचा जुडगा, मनगटावरचं घड्याळ आणि कधी कुठे सापडलेला एखादा खिळा जमा होई. एवढं झालं की ते मागे वळून आपल्याकडे बघत आणि म्हणत, "लोखंड बाहेर. मग आत."

'आपल्याकडे' म्हणजे कुणाकडेही. एकदा विभागप्रमुखांनाच त्यांनी पट्टा काढायला लावला होता, आणि त्या बिचाऱ्यांनी पाहुण्यांना चुंबकत्वाची माहिती एका हातानं पँट धरून दिली. आमच्या एक गुजराती मॅडम होत्या. त्यांना रोज "बेन, पिना" अशी आठवण करून दिली जायची. शेवटी त्या प्रयोगशाळेच्या दिवशी केस मोकळे सोडूनच यायला लागल्या. त्यावर मुलामुलींत काय काय चर्चा होई, आणि खरं कारण आम्हा दोघातिघांनाच ठाऊक होतं.

त्यांचं नाव मी लिहिणार नाही. ते घ्यायचा हक्क मी माझ्या हातानं घालवला आहे. आम्ही सगळे त्यांना काका म्हणत असू, तेच इथे पुरे.

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. कागदावरचा हुद्दा प्रयोगशाळा सहायक, आणि त्यांच्यावाचून प्रयोगशाळेचं पान हलत नाही. काका बडोद्याचेच, जुन्या शहरातल्या वाडी भागातले. पणजोबा संस्थानच्या फौजेत होते. "ते सरकारचं लोखंड सांभाळायचे, मी बाहेर काढतो," असं म्हणून स्वतःच हसायचे. घरात मराठी, बाहेर गुजराती, आणि आमच्याशी दोन्हींची खिचडी. मी कोयलीच्या रिफायनरीत काम करणाऱ्याची मुलगी, त्यामुळे मला ती खिचडी चांगली पचायची.

आमचं काम होतं चुंबकीय पापुद्र्यांवर. काचेसारख्या पारदर्शक चकतीवर चुंबकीय पदार्थाचा, केसाहूनही कितीतरी बारीक असा थर चढवलेला असतो. खास प्रकारच्या प्रकाशात तो सूक्ष्मदर्शकाखाली धरला, की नागमोडी, एकमेकांत गुंतलेले काळे-पांढरे पट्टे दिसतात. पांढऱ्या पट्ट्यातलं चुंबकत्व वर तोंड करून असतं, काळ्यातलं खाली. दोन पट्ट्यांमध्ये जी सीमा असते तिला आम्ही भिंत म्हणतो. भिंत म्हटली तरी ती जागची हलते. बाहेरून चुंबकीय क्षेत्र लावलं की क्षेत्राच्या बाजूचे पट्टे फुगतात, विरुद्ध बाजूचे आकसतात, मधल्या भिंती सरकतात. क्षेत्र वाढवत गेलं तर आकसलेले पट्टे तुटून त्यांचे गोल ठिपके होतात, आणि शेवटी ठिपकेही नाहीसे होतात. कुठल्या क्षेत्राला काय होतं, हे मोजणं हा माझा पीएच.डी.चा विषय होता.

हेच काका असं सांगत: "आधी सेव. मग बुंदी. मग थाळी साफ."

सेव-उसळीच्या गावातल्या माणसाला दुसरं काय सुचणार? पण इतकं अचूक वर्णन मी पुढे कुठल्या ग्रंथात वाचलं नाही. माझ्या नोंदवहीत मीही एकदा घाईघाईत 'इथे बुंदी सुरू' असं लिहिलं होतं. माझ्या मार्गदर्शक सरांनी लाल पेननं त्याला गोल केला आणि आठवडाभर माझ्याकडे बघून मान हलवत राहिले.

त्यांचं दुसरं पालुपद होतं, "पहिलं त्याला विसरू द्या." पापुद्र्याला आधी लावलेलं क्षेत्र लक्षात राहतं. म्हणून प्रत्येक मोजमापाआधी उलटसुलट क्षेत्र लावून ते हळूहळू शून्यावर आणावं लागतं. तेव्हा कुठे पट्टे पुन्हा आपल्या मूळ रूपात येतात, काळे आणि पांढरे अगदी सारख्या रुंदीचे. काका हे काम हातानं बटण फिरवून करत, आणि इतकं सावकाश करत की मला जांभया यायच्या. "उतावळ नको, ताई. ह्याच्या मनात अजून कालचंच आहे." ज्या वेटोळ्यातून वीज सोडून आम्ही क्षेत्र तयार करायचो, ते तांब्याच्या तारेचं वेटोळंही त्यांनीच हातानं गुंडाळलेलं होतं. तारेला तार इतकी चिकटून की मध्ये नख जाणार नाही.

मी माझी पर्स खुर्चीखाली जमिनीवर ठेवायची. ते त्यांना बघवत नसे. "लक्ष्मी असते त्यात. खाली नसते ठेवायची." दुसऱ्या दिवशी येऊन बघते तर टेबलाच्या कडेला, सूक्ष्मदर्शकापासून वीतभर अंतरावर, एक आकडा बसवलेला. पितळी. त्याचे स्क्रूही पितळी. मांडवीकडच्या कुठल्याशा दुकानातून ते शोधून आणले होते. "लोखंडाचा आकडा तर कुणीपण लावेल," ते म्हणाले, आणि पर्स स्वतःच्या हातानं तिथे अडकवून बघितली.

पुढे माझ्या वाढदिवसाला आईनं मला नवी पर्स घेतली. कापडी, आरसेकामाची, वरून पडणारी झडप असलेली. झडप जवळ नेली की आपोआप 'टच्' करून बंद व्हायची. काकांनी तिचं कौतुक केलं, आरशात बघून मिशीवरून हात फिरवला आणि विचारलं, "ह्यात लोखंड नाही ना काही?"

"कापडी आहे हो, काका," मी म्हणाले.

त्यांनी तीही आकड्याला अडकवली.

त्यानंतर तीन आठवडे माझ्या पापुद्र्यात काहीतरी विचित्र दिसत होतं. क्षेत्र शून्यावर आणलं तरी काळे पट्टे थोडे रुंदच राहायचे आणि पांढरे अरुंद. मी सरांना दाखवलं. सरांचे डोळे चमकले. पापुद्र्यातच जन्मजात काही कल असेल, हे नवीनच काही असेल, ह्यावर शोधनिबंध होईल, असं म्हणत ते टेबलाभोवती फेऱ्या मारू लागले. मलाही रात्री झोप लागेना, आनंदानं.

काकांना मात्र ते पसंत नव्हतं. "ताई, पांढरी सेव बारीक पडतेय. दोन्ही सारख्या पाहिजेत. बाहेरचं काहीतरी आहे."

"काका, जगातली प्रत्येक गोष्ट लोखंडानं होत नाही," मी म्हणाले.

पण त्या आठवड्यात त्यांनी खोलीतलं लोखंडी कपाट एकट्यानं ढकलत ढकलत बाहेर व्हरांड्यात नेलं, खिडकीच्या कड्या बदलल्या, टेबल उलटं करून खिळे तपासले. मी मैत्रिणींना त्याची नक्कल करून दाखवली. मला नकला बऱ्या जमतात.

तेव्हा काका निवृत्त झालेले होते आणि वर्षावर्षाच्या करारावर काम करत होते. करार पुढे चालू ठेवायचा की नाही, हे सरांच्या शिफारशीवर ठरायचं, आणि तो कागद नेमका त्याच महिन्यात सरांच्या टेबलावर होता. काकांची एकच इच्छा होती, हात थरथरेपर्यंत इथेच राहावं. हे ते कुणालाही सांगत. "घरी बसलो तर काय बघू? भिंती? त्या हलत नाहीत."

मग पाहणीचा दिवस आला. बाहेरगावचे एक तज्ज्ञ आमची प्रयोगशाळा बघायला येणार होते, नवं उपकरण मिळायचं की नाही ते त्यांच्या अहवालावर होतं. काका सकाळपासून धावत होते. सभागृह उघड, पंखे लाव, कुलूप काढ, कुलूप लाव. पाहुणे प्रयोगशाळेत आले तेव्हा सरांनी त्यांना मोठ्या तोऱ्यात आमचा जन्मजात कल दाखवला. तज्ज्ञांनी पडद्यावरच्या पट्ट्यांकडे बराच वेळ बघितलं आणि शांतपणे म्हणाले, "चकती उलटी करून ठेवता का जरा?"

साधी गोष्ट होती. कल पापुद्र्यातच असेल, तर चकती उलटल्यावर तोही उलटा होईल आणि पांढरे पट्टे रुंद दिसतील. तीन आठवड्यांत ते ना सरांना सुचलं होतं, ना मला. चकती उलटायला सगळ्यात स्थिर हात काकांचे, म्हणून सभागृहात त्यांना बोलावणं गेलं. ते जवळजवळ पळतच आले, लाकडी चिमट्यानं चकती उचलून उलटी ठेवली, बटण फिरवून क्षेत्र शून्यावर आणलं. पडद्यावर पुन्हा काळेच पट्टे रुंद.

"तुमच्या पापुद्र्यात काही नाही," तज्ज्ञ म्हणाले. "तुमच्या खोलीत काहीतरी आहे."

सरांचा चेहरा पडला. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. ती नजर मी विसरले नाही. त्याच वेळी काका टेबलापासून मागे सरकले आणि त्यांच्या खिशात काहीतरी खुळखुळलं.

"काका, तुमच्या खिशात किल्ल्या आहेत," मी म्हणाले.

ह्याला विचारणं म्हणत नाहीत. भर लोकांत मी त्यांच्याकडे बोट दाखवलं होतं. खिशातल्या साध्या किल्ल्यांनी पट्टे इतके, तेही तीन आठवडे रोज, कलू शकत नाहीत, आणि आजचा कल तर ते आत यायच्या आधीपासूनच होता, एवढं मला त्या क्षणीही कळत होतं. पण सरांची नजर माझ्यावरून निघून त्यांच्यावर गेली, आणि मला सुटल्यासारखं वाटलं. हे लिहिताना मला लाज वाटते, आणि वाटली पाहिजे.

काकांनी खिशात हात घातला, सभागृहाच्या किल्ल्यांचा जुडगा बाहेर काढला आणि तो तळहातावर धरून नुसते बघत राहिले. मग खोलीबाहेर गेले. वाडग्यात किल्ल्या पडल्याचा आवाज आम्हा सगळ्यांना ऐकू आला. तज्ज्ञांना गाडी गाठायची होती. काळजी घेत चला, असं काहीसं म्हणून ते गेले.

"पचीस वरस थया, ने हजु किल्ल्या खिशात?" सर व्हरांड्यात ओरडले. पंचवीस वर्षं झाली आणि अजून हे? सरांनी त्यांना दुसऱ्या दिवसापासून प्रयोगशाळेत यायची मनाई केली.

दुसऱ्या दिवशी मी एकटीच होते. किल्ल्या नव्हत्या, काका नव्हते, आणि पट्टे जसेच्या तसे कललेले. दुपारी पाण्याची बाटली काढायला मी आकड्यावरची पर्स उचलली. सहज पडद्याकडे लक्ष गेलं. भिंती सरकत होत्या. पांढरे पट्टे रुंद होत होत काळ्यांच्या बरोबरीला आले आणि थांबले. मी पर्स पुन्हा अडकवली. भिंती परत गेल्या. पुन्हा उचलली. पुन्हा अडकवली. मग झडपेचं अस्तर नखानं उसवलं. आत रुपयाएवढं चुंबक शिवलेलं होतं. तीन आठवडे रोज दहा वेळा तो 'टच्' मीच ऐकत होते, आणि चुंबकत्वात पीएच.डी.ही मीच करत होते.

शिफारशीचा कागद तेव्हा सरांच्या टेबलावरच होता. मी सरांच्या दाराशी गेले. खरंच गेले. सरांनी वर बघून विचारलं, "बोल, आता बराबर येतंय?"

"हो सर," मी म्हणाले. "किल्ल्या बाहेर गेल्यापासून बरोबर येतंय."

अजून कबूल करायचं उरलं असेल तर हे की, ते वाक्य बोलताना माझा आवाज जराही कापला नाही. मला वाटलं, सर मला मूर्ख म्हणतील, प्रबंध वर्षभर लांबेल. काकांचं काय, ते तर निवृत्तच आहेत, कधी ना कधी जाणारच होते. मनाची समजूत घालायची ठरवली की कारणं मिळत जातात. पर्स मी घरी नेऊन माळ्यावर टाकली.

शिफारस झाली नाही. शेवटच्या दिवशी काका माझ्याकडे आले. वेटोळं किती तापलं की वीज बंद करायची, चिमटा कुठे ठेवतात, सगळं समजावून सांगितलं. मग म्हणाले, "ताई, तुमचं काम बिघडवलं मी. त्या दिवशी धावपळीत राहिल्या, ते आठवतं. पण त्याच्याआधी तीन आठवडे? मला काही आठवत नाही. पण राहिल्या असतील. वय झालं." आणि त्यांनी माझ्यापुढे हात जोडले.

मी म्हणाले, "असू दे, काका."

मी त्यांना माफ केलं. ऐकलंत ना?

प्रबंध पूर्ण झाला. ऋणनिर्देशात मी त्यांचं नाव सरांच्या खालोखाल घातलं आणि बांधलेली प्रत द्यायला वाडीत गेले. त्यांच्या दाराला कुलूप होतं आणि ते बाहेर पायरीवर बसले होते, ऊन टाळायला भिंतीशी अंग चोरून. मला बघून धडपडत उठले. "काकू भाजीला गेली आहे. बसा ना, येईलच. किल्ली तिच्याकडेच असते."

"तुमच्याकडे नसते?"

"नको. माझ्या हातात किल्ली नको. माझं काही खरं नाही आता, विसरायला होतं," ते हसून म्हणाले. "तुम्हाला तर माहीतच आहे."

त्या गल्लीत तेव्हा आम्ही दोघंच होतो. सांगायला याहून चांगली वेळ मिळाली नसती. त्यांनी प्रबंध मांडीवर घेतला, स्वतःच्या नावाखाली बोट ठेवून ते दोनदा वाचलं आणि म्हणाले, "माझ्याकडून एवढं होऊनसुद्धा तुम्ही नाव घातलंत. फार मोठं मन आहे." शेजारचे एक गृहस्थ चालले होते, त्यांनाही थांबवून दाखवलं. "आ अमारा बेन. माझ्यामुळे ह्यांचं नुकसान झालं होतं, तरी बघा." मी मान खाली घालून बसले. त्यांना तो माझा विनय वाटला. मग काकू आल्या, कमरेची किल्ली काढून दार उघडलं, आणि काका त्यांच्यामागून आपल्या घरात गेले.

त्यानंतर मी गेले नाही. शहर तेच, वाडी स्कूटरवर वीस मिनिटांच्या अंतरावर, आणि सात वर्षं मी गेले नाही. आता मी स्वतः शिकवते. मुलांना चकती उलटून बघायला सांगते, कल कुठून येतो ते शोधायला सांगते. माझ्या वर्गात मी फार प्रामाणिक म्हणून प्रसिद्ध आहे.

ह्या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडावर जुन्या विभागातून फोन आला, काका गेले. झोपेतच गेले. दिवसकार्य उरकल्यावर मी वाडीत गेले. काकू एकट्याच होत्या. त्यांनी मला ओळखलं, पाणी दिलं, आणि माझ्या प्रबंधाची प्रत आतल्या कपाटातून आणून दाखवली. प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून ठेवली होती.

"शेवटी शेवटी विसरायचे का फार?" मी विचारलं. का विचारलं, देव जाणे. बहुधा त्या हो म्हणतील अशी आशा होती.

"कुठलं हो?" काकू म्हणाल्या. "शेवटपर्यंत सगळं लख्ख. दूधवाल्याचे खाडे मला विचारावे लागायचे त्यांना. एक वस्तू कधी हरवली नाही. म्हणजे हरवायला मी त्यांच्या हातात काही दिलंच नाही म्हणा. त्या किल्ल्यांचं झालं ना कॉलेजात, तेव्हापासून मी धास्तीच घेतली. नोकरी घालवली तुमच्या विसरण्यानं, असं बोलायचे मी त्यांना. रागाच्या भरात खूप बोलायचे."

मग मी सगळं सांगितलं. पर्स, चुंबक, सरांचं दार, सगळं. काकूंना भिंती, पापुद्रे ह्यातलं काही माहीत नव्हतं, पण मी काय सांगते आहे ते त्यांना पहिल्या दोन वाक्यांतच कळलं. माझं बोलणं संपल्यावर त्या प्रबंधाच्या पिशवीची घडी घालू लागल्या. त्या शिव्या देतील, जा म्हणतील, अशी माझी तयारी होती. खरं म्हणजे मी त्याचसाठी गेले होते.

"मी बाजारात जायचे तेव्हा ते बाहेर बसायचे," त्या म्हणाल्या. "उन्हात, थंडीत. तास तास. एवढी वर्षं. एकदाही म्हणाले नाहीत, मला किल्ली दे. माझं सोडा, तुमचंही सोडा. त्या माणसाला मी त्याच्याच दाराबाहेर बसवलं, हे आता मी कुणाला जाऊन सांगू?"

माझ्याजवळ निदान सांगायला त्या होत्या.